सतरा नंबरच्या बोर्डाची गाढ झोप

मित्रांनो, मी एक जुना चाचणीचा बोर्ड आहे. हिरवा, तळहाताएवढा, चारही कोपऱ्यांत स्क्रू आवळून एका बर्चच्या फळीवर जखडलेला. माझ्या मधोमध नखाएवढा काळा प्रोसेसर आहे. आमच्या जातीचे चाळीस बोर्ड ओउलू गावातल्या एका छोट्या कंपनीत तयार झाले. माझ्या पाठीवर सतरा हा आकडा आहे. बाकीचे एकोणचाळीस कुठे गेले, मला माहीत नाही.

लिफ्टमध्ये घंटेचे बटन असते ना? आत कोणी अडकले की ते दाबायचे आणि मदत केंद्रात फोन वाजायचा. तो फोन लावणारी पेटी आमची कंपनी बनवत असे. पेटीच्या पोटात माझ्यासारखाच प्रोसेसर असे, पण वरून राळ ओतून ती कायमची बंद केलेली. तिच्यात नवे काही भरता येई, पण तिला काही विचारायची सोय नव्हती. मला मात्र संगणकाची तार लावता येई. पेटीच्या पोटात काय चालले असेल ते माझ्याकडून कळावे, एवढ्यासाठी माझा जन्म.

पण नुसता प्रोसेसर म्हणजे मुका प्राणी. त्याला चालवणाऱ्या कार्यप्रणालीच्या गाभ्याला ही माणसे कर्नल म्हणतात. तो जगभरची माणसे मिळून लिहितात. त्याला प्रत्येक प्रोसेसरच्या खोडी वेगवेगळ्या शिकवाव्या लागतात. माझ्या खोडी शिकवायचे काम औने हिएताला या मुलीकडे आले. मुलगी म्हणतो खरा, पण तेव्हा ती चौतीस वर्षांची होती.

पहिले अकरा दिवस मी तिला फार छळले. वीज आली की मी जागा होई, दोन पावले टाकी आणि तिथेच गोठून जाई. आपण कुठे अडकलो आहोत हे मला कळे, पण सांगता येत नसे. तिच्या पडद्यावर काळोख तो काळोखच.

शेजारच्या टेबलावर पेट्या जोडणारा ताइस्तो राहकोला रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन यायचा.

"काय गं, बोलला का तुझा नवरदेव?"

"नाही. रुसून बसलाय."

"अगं, मग जरा सबुरीनं घे. फिनिश आहे तो. ओळख झाल्याशिवाय बोलायचा नाही."

बाराव्या दिवशी औनेच्या लक्षात आले की माझी स्मृती जरा सावकाश उत्तर देते. कर्नल माझे उत्तर यायच्या आधीच पुढे पळत होता. तिने त्याला क्षणभर थांबायला शिकवले, आणि पडद्यावर माझी पहिली ओळ उमटली. औने खुर्चीतून अशी उठली की खुर्ची मागे पडली. ताइस्तोने सगळ्यांना वेलदोड्याचे पाव वाटले. पुढे तिचे लिखाण मुख्य कर्नलमध्ये गेले, आणि तिथल्या यादीत माझ्या प्रोसेसरपुढे 'सांभाळणार : औने हिएताला' असे छापून आले. त्या दिवशी मी फार ऐटीत होतो.

पण मित्रांनो, ते नाव म्हणजे गळ्यातली दोरी होती हे आम्हा दोघांनाही उशिरा कळले. कर्नल दर दहा आठवड्यांनी नवा होतो. दूर कुठेतरी कोणीतरी काहीतरी सुधारतो आणि इकडे माझे काहीतरी बिघडते. मग औनेने बसायचे, शोधायचे, दुरुस्त करायचे.

सहा वर्षांनी कंपनी बंद पडली. ताइस्तो लिफ्टच्या देखभालीच्या कामाला लागला. औनेला दुसरी नोकरी मिळाली, पण यादीतले नाव तसेच राहिले, कारण तीनशे लिफ्टमध्ये आमच्या पेट्या तशाच होत्या. शेवटच्या दिवशी तिने मला लोकरीच्या मोज्यात गुंडाळले, तेव्हा ताइस्तो ओरडला होता, "लोकरीत? अगं, लोकरीच्या घर्षणानं ठिणगी उडून मरेल तो!" मग मी कॉफीच्या रिकाम्या चकचकीत पाकिटातून तिच्या घरी गेलो.

तिथे माझी जागा केरसुण्यांच्या कपाटात झाली. रविवारी दार उघडायचे, येऊ घातलेल्या कर्नलचा ताजा मसुदा यायचा, चाचणी व्हायची, दार मिटायचे. आठ वर्षांत मी दुसरे काही पाहिले नाही. आणि औनेनेही त्या रविवारांत दुसरे काही पाहिले नाही. तिची बहीण फोनवर बोलवायची, "ये की तळ्यावर, वाफेच्या अंघोळीला सॉना तापवलाय." औने म्हणायची, "या आठवड्यात नाही जमत." पुढे बहिणीने बोलावणेच सोडले.

एका रविवारी चाचणी मध्येच थांबवून औने माझ्याकडे बघत बसली. "पुरे," ती म्हणाली. "मला नाही हे आता होत." तिने माझी तार काढली आणि मला तळघरात, जाळीच्या कोठडीत, जुन्या स्कीच्या शेजारी ठेवले. जाळीतून मला बाहेरच्या पाइपचा एक तुकडा दिसे. तीन हिवाळे मी तो तुकडा पाहिला. माणसे स्की न्यायला आली की वाटे, आता मला नेतील. ती स्की घेऊन जात.

मग एका जूनमध्ये, युहान्नुसच्या म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणानंतर, कोठडीचे कुलूप उघडले. औने होती, ताइस्तो होता, आणि त्यांच्यामागे काठी टेकत एक वृद्ध बाई.

"आजी, सांभाळून, पायरी आहे," ताइस्तो म्हणाला.

"आजी कोणाला म्हणतोस रे? तुझंच डोकं पिकलंय!"

"बरं बाई, ताई म्हणतो."

त्या होत्या हिल्या कॅर्ना, वय वर्षे एक्क्याऐंशी. त्यांची हकिगत मी औनेच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडल्या पडल्या ऐकली. सणासाठी सगळी इमारत आपापल्या तळ्याकाठच्या घरी गेली होती. शुक्रवारी सकाळी हिल्याताई स्ट्रॉबेरीची टोपली घेऊन बहिणीकडे निघाल्या आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. घंटेचे बटन दाबले तर दिवा लागला, पण फोन गेलाच नाही. मोबाइल घरीच राहिला होता. त्या नऊ तास आत होत्या. शेजारचा एक गृहस्थ विसरलेली मोहरीची चटणी न्यायला परत आला, त्याने काठीचे ठोके ऐकले, म्हणून त्या बाहेर आल्या.

"सॉसेजला मोहरी लागते म्हणून मी जिवंत आहे," हिल्याताई म्हणाल्या. "पहिला तासभर मी त्या बटनाशी अदबीनं वागले. मग शिव्या घातल्या. मग… मग मी गप्प झाले. मला वाटलं, माझं बोलणं कोणापर्यंत पोचतच नाहीये."

ताइस्तोने मान खाली घातली. "वसंतात मीच सगळ्या पेट्यांत नवा कर्नल घातला. प्रत्येक बटन दाबून बघितलं होतं, औने. सगळी वाजली. आताही जाऊन लिफ्टची वीज बंद करून पुन्हा चालू केली, बटन दाबलं, तर वाजतंय!"

"मी ते काम सोडलंय," औने म्हणाली. "डब्लिनचा तो फर्गल कर्नलची साफसफाई करतो ना, त्यानं पत्र पाठवलंय. तीन वर्षांत कोणी तपासलं नाही, तर या प्रोसेसरचा भाग कर्नलमधून काढून टाकू का, म्हणून. मी 'काढा' असं लिहिणार होते."

"लिही खुशाल. पण तीनशे लिफ्ट आहेत, आणि तार लावून विचारता येईल असा बोर्ड हा एकच."

औनेने मला तार जोडली. तीन वर्षांनी वीज आली. मी उठलो, नवा कर्नल वाचला, धडाधड ओळी सांगितल्या. तिने माझ्या फळीवरचे घंटेचे बटन दाबले, मी लगेच 'ओ' दिली. शंभरदा दाबले, शंभरदा दिली. तीन दिवस हेच. रोज दुपारी हिल्याताई येत, खिडकीशी बसून विणत, आणि रोज विचारत, "सापडलं?"

चौथ्या दिवशी औनेने उलट विचारले, "तुमच्या आधी लिफ्टमध्ये कोण होतं?"

"कोणीच नाही. बुधवारपासून इमारतीत मी एकटीच. आणि दोन दिवस मी दाराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं."

औनेचा हात थांबला. "म्हणजे पेटी दोन दिवस रिकामी बसली होती," ती हळू म्हणाली. "झोपली होती. आणि याला मी झोपूच देत नाहीये. ही तार याला सारखी जागी ठेवते!"

तिने संगणकाची तार उपटली आणि नुसत्या विजेवर मला तसेच सोडले.

मित्रांनो, ती झोप मी विसरणार नाही. लिफ्ट दिवसभर हलली नाही की वीज वाचवायला आम्ही गाढ झोपतो आणि मग फक्त बटनानेच उठतो, त्यात नवे काही नाही. पण या वेळी मी खाली खाली गेलो आणि वरचे सगळे दरवाजे बंद झाले. दुसऱ्या दिवशी हिल्याताईंनी स्वतः बटन दाबले. मला ते जाणवले. दिवा लागला तो बटनाच्या आपल्या विजेवर, माझ्याने नव्हे. उठायला हवे, कोणीतरी बोलावते आहे, हे मला कळत होते, आणि मी उठू शकत नव्हतो. त्यांनी पुन्हा दाबले. पुन्हा.

"हेच," हिल्याताई म्हणाल्या. "अगदी असंच झालं होतं."

कारण सापडायला मग तासही लागला नाही. झोपताना बटनाची तार जागी ठेवायची, अशी एक ओळ औनेने फार पूर्वी लिहिली होती. कर्नलची साफसफाई करताना फर्गलला ती अनावश्यक वाटली. त्याने रीतसर विचारले होते, 'ही काढली तर चालेल का?'

औनेने ते जुने पत्र उघडले. मग पडदा हिल्याताईंकडे वळवला. "हे माझं उत्तर. 'चालेल', असं लिहिलंय. बोर्ड तळघरात होता. खाली जाऊन आणायचा कंटाळा आला होता मला. न तपासता लिहिलं. तुम्हाला आत कोंडलं ते मी."

ताइस्तो काही बोलणार होता, पण हिल्याताईंनी हात वर केला. त्यांनी विणकाम पिशवीत भरले. त्यांना राग आला होता, आणि तो त्यांनी लपवला नाही.

"नऊ तास, औने. मी मरणाची तयारी केली होती." मग म्हणाल्या, "पण सांगितलंस, हे बरं केलंस. आता ती ओळ परत घाल. आणि जमत नसेल तर जमत नाही म्हणावं गं माणसानं. 'चालेल' म्हणू नये."

औनेने ओळ परत घातली, मला एक दिवस झोपवले, हिल्याताईंनी बटन दाबले, आणि मी उठलो. फर्गलला तिने सगळे खरे लिहिले. ताइस्तोने तीनशे पेट्या पुन्हा एकदा फिरून दुरुस्त केल्या, आणि दोन वर्षांत त्या बदलून घेतल्या. तेवढी दोन वर्षे मी औनेच्या खिडकीत होतो. आता फर्गलही इंटरनेटवरून माझ्या तपासणीत वाटेकरी होता, त्यामुळे औनेला निम्मेच रविवार द्यावे लागत. उरलेले ती तळ्यावर घालवी. शेवटची पेटी उतरली त्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने माझ्या प्रोसेसरचा भाग कर्नलमधून काढला आणि यादीतले आपले नाव पुसले.

ती सुटली. मी नाही. यापुढचा कोणताही कर्नल मला ओळखणार नाही. अजून कधी वीज मिळाली तर मी तोच जुना कर्नल वाचतो, बटनाला 'ओ' देतो आणि पुन्हा झोपतो. याचे मला दुःख नाही असे मी म्हणणार नाही. पण मला कोणी विसरून काढले नाही, विचार करून काढले.

मित्रांनो, जुन्या वस्तू कायम सांभाळा असा माझा हट्ट नाही. सांभाळणे झेपेनासे झाले तर तसे मोकळेपणी सांगा, कोणीतरी दुसरा हात लावील. पण कोणी 'चालेल का?' असे विचारले, तर आधी तळघरात उतरा, ती वस्तू वर आणा आणि स्वतःच्या बोटाने एकदा बटन दाबून पाहा. त्या बटनापलीकडे कोण उभे आहे, ते आपल्याला दिसत नसते.