हरिबाची अक्षरं

“बाई, आली फाइल. बसा नीट,” शिवानी म्हणाली आणि माउस सोडून हात चोळू लागली.

परळीतल्या तिच्या कॉम्प्युटर क्लासची सकाळची बॅच नुकतीच सुटली होती. शांतादेवी हालगे खुर्चीच्या कडेवर अवघडून बसल्या होत्या. सिरसाळ्याच्या शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या, त्याला आता तीन वर्षं झाली. शिवानी त्यांचीच विद्यार्थिनी. आणि शेजारी बसलेला हरिबा त्याच शाळेचा शिपाई. त्याचा उजवा हात मांडीवर होता. डाव्या हाताने उचलून तो त्याने तिथे ठेवला होता.

“मंजी आपली फ्लापी परत आली का?” हरिबाने विचारलं.

“फ्लॉपी नाही मामा, तिची नक्कल. फ्लॉपीवर जे जिथं होतं, ते तसंच्या तसं एका फाइलीत उतरवून घेतलंय. डिस्क इमेज म्हणतात तिला.”

“आन् ती घालायची कशात? मशीन तर गेलं.”

“मशीनही नकलीच. हा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरला जुन्या मशीनसारखं वागायला लावतो.”

“सोंग म्हना की!”

“सोंगच,” शिवानी हसली.

ते मशीन शाळेत आलं सत्याऐंशी साली, सरकारी योजनेतून. वरच्या ओळीत लाल बटणं असलेलं. शांताबाई दहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि खोलीची किल्ली हरिबाकडे आली. रविवारी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं, की माणूस सायकल थांबवून वाचत उभा राहावा. मशीनला मात्र इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. आठ बाय आठ घरांत आपल्याला हवा तो आकार भरता येतो, हे बाईंनी एक दिवस पुस्तकात वाचलं आणि चौकटीची वही हरिबापुढे ठेवली. तो घरं काळी करायचा, बाई एकेका ओळीचा आकडा काढून मशीनला द्यायच्या. शाळा सुटल्यावर दोन महिने हेच चाललं. त्यातून पहिलीच्या मुलांसाठी ‘अक्षरओळख’ तयार झाली. बीडच्या विज्ञान प्रदर्शनात तिला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे मशीन बिघडलं, तालुक्याला जमा झालं, आणि विषय संपला.

गेल्या हिवाळ्यात हरिबाचं उजवं अंग गेलं. शांताबाई त्याला बघायला शिरूर कासारजवळच्या त्याच्या गावी गेल्या, तेव्हा तो स्वतःच्या दुखण्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. म्हणाला, “बाई, माज्या पाट्यांवर समद्यांनी नवा रंग मारला. एक बी ऱ्हायली न्हाई. ती आपली अक्षरं हायत का वो कुठं?”

घरी येऊन बाईंनी कपाट उपसलं. साड्यांच्या खाली तीन फ्लॉप्या निघाल्या. दोन बुरशीने गेलेल्या. तिसरी शिवानीने औरंगाबादला पाठवली. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका सरांकडे तसला जुना ड्राइव्ह होता. महिन्याभराने आज ती फाइल ई-मेलने आली होती.

शिवानीने इमेज जोडली. पडदा काळा झाला आणि स्पीकरमधून ‘टूं-टिप्’ असा आवाज आला. हरिबा दचकून खुर्चीतून उठायला बघू लागला. “आरं, तोच! तोच आवाज हाय!”

शांताबाईंनी कीबोर्ड पुढे ओढला. आज्ञा आठवायची वेळच आली नाही, बोटं आपोआप चालली. पडद्यावर निळ्या पट्टीत मोठ्ठं ‘अक्षरओळख’ उमटलं.

हरिबा पुढे वाकला. “‘अ’चं पोट बगा बाई, कसं भरलंय. आठ घरांत बसंना, आठवतं का? चार दिस खाल्ले त्यानं.”

बाई हसणार, एवढ्यात खालची ओळ आली. *रचना: सौ. शांतादेवी हालगे*.

त्याखाली काही नव्हतं. आपण असं लिहिलं होतं, हे त्या साफ विसरून गेल्या होत्या. हरिबाने ओळ अक्षर अक्षर वाचली. “नाव बी झकास दिसतंय,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच बाईंना खाली बघावं लागलं.

“हरिबा, यात तुमचं नाव नाही.”

“त्यात काय?”

“बीडला शाल मला मिळाली. तुम्ही नुसते मशीन उचलून एसटीत चढवत होतात.”

“शाल मातर लई भारी हुती,” हरिबा म्हणाला.

बाईंनी प्रोग्राम थांबवला. ओळी उलगडल्या आणि रचनेच्या ओळीखाली एक नवी ओळ घातली. *अक्षरे: हरिबा*. तिथे बोटं थांबली. अकरा वर्षं हा माणूस रोज समोर होता. मस्टरवर त्याची सही होती, ते मस्टर कधी आपण उघडलं नाही.

“हरिबा,” त्यांचा आवाज बारीक झाला, “आडनाव काय तुमचं?”

शिवानीने मान वर केली.

“ढाकणे,” हरिबा म्हणाला. “हरिबा सटवा ढाकणे.”

बाईंनी ‘ढ’ शोधला. तो नव्हताच. मशीनला बत्तीसच आकार ठेवता येत होते. काना-मात्रांनी जागा खाल्ली आणि बरीच अक्षरं गाळायची वेळ आली. तेव्हा वहीतल्या ‘ढ’वर हरिबाने स्वतःच काट मारली होती. ‘कोन लिवतंय बाई ढ? टाका काढून.’ बाईंना आता ते सगळं लख्ख आठवलं.

“तेव्हा का बोलला नाहीत?”

“पोरांना पहिलीत दोनदाच लागतो तो. माजं काय, सही मस्टरवर व्हायचीच की.”

कोपऱ्यातल्या नक्षीचा एक आकार मोडून तिथे ‘ढ’ बसवायचं ठरलं. शिवानीने कागदावर पट्टीने चौसष्ट घरं आखली. हरिबाने डाव्या हातात पेन्सिल धरली. घराबाहेर रेघ जात होती, कपाळावर घाम आला होता, पण त्याने कुणाला पेन्सिल दिली नाही. बाईंनी आठ आकडे काढले, मशीनला दिले. पडद्यावर नाव पूर्ण झालं.

“सेव्ह करते,” शिवानी म्हणाली. “त्याच इमेजमध्ये राहील आता. कितीही नकला काढा, प्रत्येकीत असेल.”

“थांब पोरी,” हरिबा म्हणाला. तो डोळे बारीक करून ‘ढ’कडे बघत होता. “पोट बसलंय त्याचं. अशी पाटी रंगवली असती तर दुकानदारानं दारात उभं केलं नसतं.”

“चांगला आलाय हरिबा.”

“न्हाई बाई. दुसरा कागद द्या.”

शिवानीने पुन्हा घरं आखली. शांताबाईंनी कागद त्याच्यापुढे ठेवला आणि हलू नये म्हणून दोन्ही हातांनी त्याच्या कडा धरून बसल्या.