सपनाच्या गोळ्या

"काऊन आली आता? अजून व्हिडिओ काढाले?" रुख्मिणीबाईंनी दार अर्धंच उघडलं.

मी गावची आशा सेविका. त्यांच्या सुनेला, सपनाला, चार महिने टीबीच्या गोळ्या मीच देत होते. सासूला सांगितलं होतं, रक्तवाढीच्या आहेत. "बुढीले समजलं त थे मले माहेरी धाडन, ताई," असं सपनानं हात धरून सांगितलं होतं. मग रोज सकाळी ती गुरांना कुटार टाकायला गोठ्यात यायची आणि माझ्यासमोर गोळ्या गिळायची.

गेल्या महिन्यात तालुक्याला ट्रेनिंग झालं. पेशंटशी कसं बोलावं, याचं. बारा वर्षं मी काय मुकी होते? पण शिकवणाऱ्या गुंजन मॅडम गोड बोलायच्या. म्हणाल्या, "खरी केस सांगा, पौर्णिमाताई. नाव नको. इथलं इथंच राहील."

मी सांगितली. मॅडम खूश. "आता करून दाखवा! तुम्हीच पेशंट व्हा." आणि मी मूर्ख, तोंडाला पदर लावला, उकिडवी बसले आणि सपना बोलते तश्शी बोलले. गोठा, कुटार, बुढी, सगळं. टाळ्या पडल्या. मला भारी वाटलं, खोटं कशाला बोलू! मॅडमच्या हातात मोबाईल होता, तो मी पाहिलाही होता.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ आमच्या ग्रुपवर, संध्याकाळी गावच्या ग्रुपवर. नाव नव्हतं. पण नाव हवं कोणाला? शेंबडं पोरही ओळखेल. मी मॅडमना फोन लावला. "अहो, किती छान झालंय! सगळ्यांना आवडलं," त्या म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलीनं गळा कापला माझा. पण पदर तर मीच लावला होता ना तोंडाला.

सासूच्या मागून सपना पुढं आली. हातात कपड्यांची पिशवी.

"भाऊ न्याले येऊन राह्यला," ती म्हणाली. "जामले, माहेरी चालली मी."

"गोया मधातच सोडू नको, सपना. दोनच महिने राह्यले."

"नाई सोडत. पण तुह्या हातानं नाई घेत." ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

जामची आशा आनंदाबाई माझ्या ओळखीची. गोळ्यांचा डबा मी स्वतः तिच्याकडं नेऊन दिला. आठ दिवसांनी फोन केला.

"घेते वो बराबर," आनंदाबाई म्हणाली.

"खोकला कसा आहे? वजन वाढलं का?"

"पौर्णिमा, थे म्हणे का तब्येतीचं तुले काईच नोको सांगू."

"बरं," मी म्हणाले, आणि रजिस्टरमध्ये सपनाच्या नावापुढं 'बाहेरगावी गेली' असं लिहिलं.