व्याही की भाडेकरू?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आपल्या जुन्या घराचा खालचा मजला बाळासोंनी हौसेनं नवा करून घेतला. दोन बेडरूम, नवी फरशी, स्वयंपाकाला कडाप्प्याचा कट्टा. स्वतः कुटुंबासह ते वर राहत. २००२ साल होतं. आता भाडेकरू तेवढा चांगला मिळायला हवा होता.

पहिलेच एक बँकेतले साहेब जागा बघून गेले. जाताना त्यांनी विचारलं, "आईवडील माझ्याजवळ राहतील. चालेल ना?"

"चालेल म्हणजे काय! आईबापाला सांभाळणारी माणसंच पायजेत आम्हाला. दोन दिवसांत कळवतो," बाळासो खुशीत म्हणाले.

चहाचे कप उचलणारी सून थबकली. सुष्मिता शाळेत शिकवायची, पण सासऱ्यांपुढं फारसं बोलायची नाही. आज बोलली.

"मामा, खालची जागा माझ्या आईबाबांना द्याल? भाडं देतील ते."

सुष्मिता एकुलती एक. तिचे वडील ज्ञानू आजऱ्याजवळच्या खेड्यात; अर्धांगानं त्यांची उजवी बाजू लुळी पडलेली. उपचाराला कोल्हापूर गाठायचं, तर तिच्या आईनं, धोंडुबाईंनी, एकटीनं त्यांना एसटीत चढवायचं आणि उतरवायचं.

"अगं, त्यांचा पुतण्या हाय की!"

"तो मुंबईत, मामा. मी इथं हाय. त्या साहेबांचं कौतुक केलंत. मलाबी तेच करायचंय."

रात्रभर बाळासोंच्या डोक्यात नुसता गुंता! व्याह्यांकडून भाडं घ्यायचं? लोक तोंडात शेण घालतील. नाही घ्यायचं? मग सुनेनं माहेर घरात आणून बसवलं म्हणतील. सकाळी उठून त्यांना पावणं म्हणायचं की भाडेकरू? मुलाला, उदयसिंहला, विचारलं तर तो म्हणाला, "मला चालतंय, आबा. पण घर तुमचं." गुंता आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी हुपरीहून बाळासोंची थोरली बहीण आली. सगळं ऐकून आक्का म्हणाली, "बाळू, मला दोन लेकीच हाईत. हातपाय थकल्यावर मी कुठं जायचं?"

"माझ्याकडं ये की! मी मेलोय काय?"

"भावाच्या दारात चालतंय, मग पोटच्या पोरीच्या दारात का न्हाय? मी त्यांना दूध पाजलं न्हाय व्हय?"

बाळासो उगाच चष्मा पुसू लागले.

"लोक काय म्हणतील, एवढंच भ्या हाय तुला. त्या धोंडुबाईच्या मदतीला लोक जात्यात काय? इचार की एकदा!"

बाळासोंनी बँकेतल्या साहेबांना फोनवर खरं कारण सांगून नकार दिला आणि स्वतः व्याह्यांचं गाव गाठलं. पण तिथं ज्ञानूच आडवे आले.

"लेकीच्या दारात म्हातारपण? न्हाय पावणं. लोक हसतील."

परवापर्यंत बाळासोंच्या मनात तरी दुसरं काय होतं?

"माझ्याबी डोक्यात हेच हुतं, ज्ञानबा. भाडं द्या, मी न लाजता घेतो. मग तर झालं?"

ज्ञानूंनी तरीही नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात दाराशी उभ्या धोंडुबाई पदर तोंडाला लावून रडू लागल्या.

"अवो, मला आता एकटीला होत न्हाय! किती दिवस सांगू?"

ज्ञानूंनी बायकोकडं पाहिलं. मग डावा हात बाळासोंच्या हातावर ठेवला. "येतो," एवढंच म्हणाले.

महिन्याभरात दोघं राहायला आले. पेठेत कुजबुज झालीच. कुणी थेट विचारलं, तर बाळासो आधी जरा चाचरायचे आणि मग म्हणायचे, "आमच्या सुष्मिताचं आईबाप हाईत." सुष्मिता शाळेतून आली की आधी खाली डोकावायची, वडलांचा हात धरून त्यांना अंगणात फिरवायची. तिची मान आता ताठ असायची.

वाचकहो, मुलानं आईबापाला जवळ केलं की आपण त्याची वाहवा करतो आणि मुलगी तेच करू लागली की लोकांकडं बोट दाखवतो. पण ते लोक म्हणजे तुम्ही-आम्हीच ना? मग सुरुवातही आपणच करायची. म्हाताऱ्या आईबापाला आधार देणं हे लेकाचं कर्तव्य असेल, तर तो लेकीचाही हक्क आहे. तिला तो मागावा लागू नये!