मुंग्या न लागलेली फुलं

त्या साली करडवाडीच्या विहिरीत पोहरा सोडला की वर येताना तो खोकत यायचा. कावळे एकटे उडत नसत. एकाच्या सावलीत दुसरा, दुसऱ्याच्या सावलीत तिसरा, असे एकाखाली एक उडत, आणि सगळ्यात वर कोणी उडायचं यावर त्यांची रोज भांडणं होत. पाथर्डीहून एसटी आली की धूळ आधी उतरायची आणि उतारूंच्या अगोदर घरोघर जाऊन बसायची. कुणाला हे पटत नसेल तर सोडून द्यावं. पण त्याच करडवाडीत, त्र्याहत्तर सालचा शिमगा झाल्यावर, मिशनच्या बंगल्याच्या पडवीत बसून सात-आठ बाया बर्फ विणत होत्या, हे मात्र सोडून देता येणार नाही.

बर्फ म्हणजे दोऱ्याचा. क्रोशाच्या सुईनं साखळी घालायची, साखळीवर खांब उभे करायचे, आणि तळहाताएवढं सहा टोकांचं पांढरं फूल काढायचं. मग ते साखरेच्या पाकात बुडवायचं, फळीवर टाचण्यांनी ताणून वाळवायचं. वाळलं की पापडासारखं कडक. ही फुलं बोटीनं मिशनच्या गोऱ्या मड्डमच्या देशात जायची आणि तिथले लोक ती नाताळच्या झाडाला टांगायचे. नाताळ लांब होता, पण बोट सावकाश जाते, म्हणून बर्फ उन्हाळ्यात.

"आठ टोकं का न्हाई?" साळूबाईनं पहिल्या दिवशी विचारलं होतं. तिचा हात रांगोळीचा, कमळ घालणारा. सहावर थांबायचाच नाही.

"आभाळातून पडतो तेव्हा सहाच टोकांचा असतो, मड्डमनी सांगितलंय," एस्तेरबाई म्हणाल्या. एस्तेरबाई गावच्याच. मिशनच्या शाळेत शिकून मास्तरीण झालेल्या. ऊन तापायला लागताच मड्डम थंड हवेच्या डोंगरावर गेल्या, आणि वर्ग एस्तेरबाईंच्या हाती आला.

"आभाळातून पडतो? मग आमच्यावर पडायला काय दातखीळ बसलीय का आभाळाची?" साळूबाई म्हणाली. बाया हसल्या. तेव्हा अजून हसायच्या.

चांगुणा त्या वर्गात होती ती ठकीसाठी. ठकी तिची नात, दीड-दोन वर्षांची. लेक रतन आणि जावई बन्सी दिवाळीआधीच नेवाशाच्या बाजूला ऊस तोडायला गेले होते. त्यांचं पहिलं पोर असंच उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या कोपीत, साप लागून गेलं होतं. म्हणून दुसरं रतननं आईच्या ओट्यात घातलं. गाडीत बसताना म्हणाली, "आये, कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम सरला की मी आलेच. तवर एवढी जगव." सांभाळ म्हणाली नाही. जगव म्हणाली.

गावातल्या बाकीच्या बाया डोंगराकडच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला, खडी फोडायला जात. तिथं सावली नव्हती. मिशनच्या पडवीला कौलं होती, आणि खांबाला झोळी बांधू देत होते. चांगुणाला एवढं पुरे होतं. तिची नजर उणी झाली होती, खांब वाकडे पडायला लागले होते. म्हणून इमामबीनं एस्तेरबाईंना सांगून तिला पाकाचं काम मिळवून दिलं होतं. इमामबी वर्गातली सगळ्यात बारीक हाताची. तिनं विणलेल्या फुलातून फुंकर मारली तर पलीकडं शिटी वाजते, असं साळूबाई सांगायची.

पाकाचं काम म्हणजे फुलं बुडवायची, टोचायची आणि मुंग्या राखायच्या. एरवी फळीखाली चार वाट्या पाण्याच्या ठेवल्या की मुंग्यांची वाट बंद. त्या साली वाटीभर पाणी मुंग्यांसाठी ठेवलं असतं तर ते माणसांनीच पिऊन टाकलं असतं. रॉकेलचा वास फुलांना लागायचा. तेव्हा चांगुणाच पिसाचा झाडू घेऊन फळीपाशी बसायची. मुंग्याही दुष्काळी कामावर निघाल्यासारख्या, एकीमागं एक, डोक्यावर पाट्या घेतल्यागत यायच्या. ती झाडायची, त्या पुन्हा यायच्या. "जावा गं बायांनो," ती म्हणायची, "आज खाडा धरा."

शिमग्यानंतर ठकीला हगवण लागली. रेशनवर तांबडा मिलो मिळायचा, त्याची भाकरी तिच्या पोटात टिकेना. सुकडी दिली तर ओकायची. मदाऱ्याच्या म्हाताऱ्या माकडासारखं पोरीचं तोंड झालं. एका दुपारी चांगुणा पाकात फूल बुडवत होती, आणि पदराचं टोक पाकात पडलं. ते पिळायला तिनं उचललं आणि सहज झोळीत ठकीच्या ओठाला लावलं. पोरगी पदर चोखायला लागली. चोखून चोखून कोरडा केला, आणि किती दिवसांनी हात वर करून म्हणाली, "अजून."

तिथून सुरू झालं. पदराचं टोक, मग दोन टोकं, मग नारळाच्या करवंटीत घोटभर पाक, पाणी घालून. ते मात्र पोटात राहायचं. ठकीच्या डोळ्यांत पुन्हा पाणी दिसायला लागलं. पाक कमी पडायचा, तिथं चांगुणा चिंचोक्याची खळ शिजवून मिसळायची. खळीनंही फुलं कडक होत. जरा पिवळट दिसत, पण बोटीत दर्या ओलांडताना पांढरं काय आणि पिवळं काय, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

पाक असो की खळ, फुलं कडक. कुणाला कळायचं कारण नव्हतं. एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही, कारण ती सुखाची होती: झाडूला काम उरलं नव्हतं.

एस्तेरबाईंच्या ते ध्यानात आलं. त्या पडवीच्या टोकाला उभ्या राहून भिंतीकडं बघत होत्या. मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरली, फळीपर्यंत आली, पहिलीनं फुलाला तोंड लावलं आणि रांगच्या रांग वळून स्वयंपाकघराकडं निघून गेली.

एस्तेरबाईंनी एक फूल उचललं आणि जीभ लावली.

"चांगुणाबाई, हे गोड नाही."

"फुलं काय खायाची असत्यात व्हय बाई?"

"मला नका विचारू. त्या मुंग्या गेल्या, त्यांना विचारा."

सुया थांबल्या. एस्तेरबाईंनी दुसरं फूल चाटलं, तिसरं चाटलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "थोडी कमी असती तर मी बोलले नसते. मलाही डोळे आहेत, झोळीत काय आहे ते मला दिसतं. पण यात साखरेचा कणसुद्धा नाही. मड्डमना मी काय सांगू? वर्ग बंद करतील."

आणि तेव्हा चांगुणाला कळलं. एवढी गोडी काढायला एक पदर पुरत नाही. कपाटातून साखरेची वाटी काढून आणायची साळूबाई. चुलीवर पाक करायची दुसरी, गाळायची तिसरी. इमामबी म्हणायची, "दे, मी नेऊन देते." वाटी फळीपाशी येईस्तोवर सगळ्यांच्या हातांतून यायची. साळूबाईच्या कनवटीला गाठ असायची, ती चांगुणानं पाहिली होती. इमामबीचा नवरा हैदर अंथरुणाला खिळलेला. ती गाळण्याचं फडकं धुवायला म्हणून घरी न्यायची, तेही पाहिलं होतं. त्यांनीही तिचा पदर पाहिला होता. कुणी कुणाला बोललं नव्हतं. प्रत्येकीला वाटत होतं, आपण तेवढं चिमूटभर घेतो. चांगुणानं तर पाण्यातच पाणी घातलं होतं.

"कोणी घेतली?" एस्तेरबाईंनी विचारलं.

चांगुणानं साळूबाईकडं बघितलं. एकीनं जरी म्हटलं असतं, थोडी मी बी, तर दुसरी म्हणाली असती, तिसरी म्हणाली असती, आणि सगळ्यांना काढून बर्फ कुणाकडून विणवणार? एवढा हिशेब अडाणी डोक्यालाही येत होता. तिनं वाट पाहिली. साळूबाई मांडीवरच्या फुलाचे खांब मोजत होती. इमामबी सुईत अडकलेला दोरा सोडवत होती, आणि दोरा अडकलेला नव्हताच.

नावं तिच्या ओठावर आली होती. पण आपण नावं घेतली तर त्या सगळ्या नाकबूल होतील, आणि पडवी ठकीची पहिली जाईल. न घेतली तर कदाचित कुणी तरी अजून तोंड उघडेल.

"मीच," ती म्हणाली. आणि पुन्हा वाट पाहिली.

कुणी तोंड उघडलं नाही. तिनं झोळी सोडली.

दुसऱ्या दिवसापासून ती खडीवर गेली. तीन काठ्या रोवून त्यांवर जुन्या लुगड्याचा धडपा टाकला, खाली ठकीला निजवलं. सूर्य सरकला की सावली सरकायची, आणि ऊन तोंडावर आलं की ठकी कुरकुरायची. मग हातोडी टाकून चांगुणा काठ्या हलवायची. मुकादम म्हणायचा, "म्हातारे, घर बांधायला आलीस का खडी फोडायला?" ती म्हणायची, "दोन्ही." तांब्यात नुसतं पाणी होतं. साखर रेशनवर आली नव्हती, आणि गुळाचा खडा मागायला कुणाच्या दारात जावं तर दारात माणूसच नसायचं.

एका दुपारी हातोडी चालत राहिली. बराच वेळ चालली. आज पोरगी शहाण्यासारखी निजलीय, असं तिच्या मनात आलं. मग तिनं वळून बघितलं. सावली केव्हाच ढिगाऱ्यापलीकडं गेली होती आणि ठकी भर उन्हात पडली होती, कुरकुर न करता.

एस्तेरबाईंनी मिशनची जीप पाठवून रतनला फडावरून आणवलं. त्या स्वतः आल्या नाहीत. माती झाली. रतन भिंतीला टेकून बसली, उसाच्या पात्यांनी चिरलेले हात मांडीवर उताणे टाकून.

मग बाया आल्या. साळूबाई पुढं, इमामबी मागं, बाकीच्या तिच्या आड. साळूबाईनं कनवटीची गाठ सोडली आणि केळीच्या वाळल्या पानावर साखर ओतली. इमामबीनं फडकं उलगडलं. एकेकीनं आणलेलं ओतलं, आणि पानावर चांगला ढीग झाला. करडवाडीत त्या साली एवढी साखर एका जागी कुणी पाहिली नव्हती.

रतन साखरेकडं बघत राहिली. मग हुंदका देऊन उठली आणि साळूबाईच्या पायांवर पडली.

"मावशे, असल्या सालात, आमच्यासाठी? घरातलं काढून आनलंत गं तुमी!"

साळूबाईनं पाय मागं घेतले. भिंत आडवी आली.

चांगुणा उठली. चुलीपाशी गेली, काटक्या घातल्या.

"चांगुणा, नको गं," इमामबी म्हणाली. "दुखाचं घर आहे. चूल पेटवत न्हाईत. च्या आमी आणतो ना घरून."

"तुमी आनायचं तेवढं आनलं," चांगुणा म्हणाली. तिनं पातेल्यात पाणी ओतलं, चहाची भुकटी टाकली, आणि पानावरचा ढीग सगळाच्या सगळा आत लोटला. चहा कढला तो काकवीसारखा, पळीवरून सुटेना. तिनं कप मांडले, बशा मांडल्या, एकेकीच्या हातात दिल्या. रतननं हात पुढं केला.

"तुला न्हाई," चांगुणा म्हणाली.

बाया बशा धरून बसल्या. रतननं डोळे पुसले.

"आये, शेवटाला काय प्याली गं ती?"

"पानी."

"नुसतं?"

सांगायला तोंडात सगळं तयार होतं. पण पट्टा पडल्यावर रतनला याच गावात यायचं होतं, याच बायांच्या शेजारी. पुढचं पोर झालं तर सुईणपणाला साळूबाईलाच बोलवावं लागणार होतं.

"नुसतंच," चांगुणा म्हणाली.

इमामबीनं कपबशी खाली ठेवली. चांगुणा तिच्यासमोर येऊन बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून.

"प्या," ती म्हणाली. "निवतंय."

त्या प्यायल्या. चांगुणा प्रत्येकीचा कप वाकून बघत होती, तळाला काही राहिलं तर नाही ना.