तिसरं प्रकरण

कोपरीच्या वाचनालयात कुणाचं चरित्र घ्यायचं, कुणाच्या आठवणी घ्यायच्या आणि कामधंदा शिकवणारं कुठलं पुस्तक ठेवायचं, हे मंजुळाबाई ठरवत. शाळेतून निवृत्त झाल्यावर समितीने हे काम त्यांच्या गळ्यात घातलं आणि त्यांना ते मानवलं. पुस्तक पूर्ण वाचायचं, मग अर्धं पान शिफारस लिहायची. लेखक ओळखीचा असला तरी त्यांची पेन्सिल कचरत नसे.

त्या आठवड्यात ग्रंथपाल दर्शनाने बाळकुमच्या दौलत भोईर नावाच्या निवृत्त लिफ्ट मेकॅनिकचं आत्मचरित्र आणून दिलं. नावावरून बाईंना काही आठवलं नाही. तिसऱ्या प्रकरणात मात्र त्या ताठ झाल्या. पंचेचाळीस वर्षांपूर्वी लेखक कोपरीत मुलगी बघायला गेला होता. घर विहिरीसमोरचं, मुलीचे वडील पोस्टात. मुलगी फार बोलते म्हणून आपण नकार कळवला, असं त्याने छापलं होतं.

ती मुलगी म्हणजे मंजुळाबाईच. आणि नकार त्यांनी दिला होता, कारण हा गृहस्थ चहा होईपर्यंत स्टुलावर चढून त्यांचा पंखा खोलत बसला होता.

‘घेऊ नये’ असं लिहून त्यांनी पुस्तक मिटलं. पण अर्धवट वाचून शेरा मारणं स्वभावात नव्हतं. पुढे वाचू लागल्या आणि रंगूनच गेल्या. दोराची झीज आवाजावरून कशी ओळखावी, दार हाताने कधी उघडू नये, सगळं नीट लिहिलेलं. अडकलेल्या माणसाला आधी नाव विचारावं, मग आज घरी भाजी काय केली ते विचारावं. कृती सांगण्यात गुंतलेला माणूस घाबरायचं विसरतो, म्हणे.

शेवटी त्यांनी पहिला शेरा खोडला आणि लिहिलं, ‘दोन प्रती घ्याव्यात. आठवणींच्या कपाटात नकोत, व्यवसाय मार्गदर्शनात ठेवाव्यात. तिसरं प्रकरण काल्पनिक आहे.’

दर्शनाने हे लेखकाला जसंच्या तसं कळवलं. दुसऱ्या दिवशी दौलतराव तणतणत हजर झाले. आपलं आयुष्य काल्पनिक ठरवणारी ही बाई कोण, असं त्यांनी दारातूनच विचारलं.

“नकाराचं पत्र मीच लिहिलेलं,” मंजुळाबाई म्हणाल्या. “वडिलांनी फक्त सही केली.”

दौलतराव खुर्चीत बसले. दर्शना पाणी आणायला आत गेल्यावर हळूच म्हणाले, “बाई, लग्न झालं तेव्हा कलावतीला मी असंच सांगितलेलं. पुस्तक तिनेच टाइप केलंय. आता कुठल्या तोंडाने बदलू?”

मंजुळाबाईंना हसू आवरेना. त्यांनी शेवटचं वाक्य खोडलं. कपाट मात्र बदललं नाही, आणि ते बरंच झालं. आठवड्यात दोन्ही प्रती बाहेर गेल्या, एक एका सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, दुसरी आयटीआयमधल्या एका मुलीकडे.

दोन महिन्यांनी दौलतराव पुन्हा आले. हातात सरकत्या जिन्यांवरचं नवं हस्तलिखित होतं. यात बायकोशिवाय एकही बाई नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मंजुळाबाईंनी ते पिशवीत टाकलं आणि वाचायला घरी नेलं.