बशीतलं कुणाचं?

“आप्पा, बशीतले पैसे कुणाचे?”

भरल्या हाटेलात त्रिशलानं आपल्या वडिलांना हा प्रश्न विचारला, तेव्हा मी त्यांच्याच हातात होते. गल्ल्यात उपडी करायला त्यांनी मला नुकतंच तिरकं धरलं होतं. हात तसाच राहिला. बडीशेपेचे चार दाणे तेवढे गल्ल्याच्या फळीवर सांडले.

खरं म्हणजे हा प्रश्न तिच्या मैत्रिणींचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या सांगलीहून बेटावर आल्या होत्या. जांभळीखाली बसून कुमुदनं तिला डिवचलं होतं, “वक्तृत्वात ढाल आणलीस ना गं? मग विचार की तुझ्या आप्पांना, चारचौघांत! न्हाई जमायचं तुला.”

“न्हाई जमायचं? मला?” असं म्हणून त्रिशला वेणी पाठीवर फेकून तरातरा आत आली आणि विचारून मोकळी झाली.

मित्रांनो, मी एक जुनी बशी आहे. चिनी मातीची, काठाला निळी वेल असलेली, आणि एका बाजूला टवका उडालेली. तो प्रश्न माझ्यावरूनच निघाला, म्हणून माझी गोष्ट मीच सांगितलेली बरी.

मी मूळची माती. कुणीतरी मला मळलं, चाकावर फिरवलं, वेल रंगवली आणि भट्टीत घातलं. भट्टीचं काय सांगू! पण तिथून बाहेर पडले तेव्हा अशी चकाकत होते की माझं मलाच कौतुक वाटलं. माझ्यासोबत एक कप होता. आम्ही दोघं पेंढ्यात गुंडाळून, खोक्यात बसून, आगगाडीनं सांगलीला आलो. तिथल्या भांड्यांच्या दुकानात त्रिशलाच्या आईनं, पद्मावतीबाईंनी, मला टिचकी मारून पाहिलं. मी खणखणीत वाजले. “ही घ्या हो,” त्या आदगोंडांना, म्हणजे त्रिशलाच्या आप्पांना म्हणाल्या, “बेटावर शोभंल.”

बेट म्हणजे कृष्णेच्या मधोमध पसरलेला खडक, वाळू आणि झाडी. पावसाळ्यात तिथं चिटपाखरू नसतं. पण उन्हाळा लागला की सातारा, कराड, सांगलीहून माणसं हवापालट म्हणून येतात. सयाजीच्या नावेतून उतरतात, डुंबतात, सावलीत आडवी होतात आणि भूक लागली की आमच्या हाटेलात येतात. दुसरं हाटेल नाहीच, जातील कुठं?

माझा कप पहिल्याच उन्हाळ्यात गेला. चहाला उशीर झाला म्हणून एका पाहुण्यानं तो रागानं आपटला. कपाचे तुकडे झाले, माझ्या काठाचा टवका उडाला. बिनकपाची बशी काय कामाची? मला वाटलं, आता उकिरडा. पण पद्मावतीबाईंनी मला धुतलं, पुसलं आणि माझ्यात बडीशेप घातली. तेव्हापासून गिऱ्हाइकाचं खाणं उरकलं की ज्ञानू मला घेऊन जायचा. माणसं बडीशेप उचलायची आणि तिच्याखाली हळूच बक्षीस सरकवायची. कौतुकाचं काम होतं बघा! मी आले की माणसांची तोंडं हसरी व्हायची.

हा ज्ञानू म्हणजे आमच्या हाटेलचा एकुलता एक वाढपी. माणदेशातला, दहिवडीकडचा. बहात्तरच्या दुष्काळात काम शोधत नदीकाठी आला आणि पाणी बघून इथंच थांबला. त्याची बायको राहीबाई गावाकडंच शेरडं राखायची. गुडघे दुखायचे त्याचे, पण जीभ लय तरतरीत.

“अरं ज्ञानू, चहापत्ती तोडायला आसामात गेला हुतास काय?” एखादा ओरडायचा.

“न्हाई सायेब, ऊस लावून आलोय. आता साखर व्हायला टाइम लागंलच की!”

सगळं हाटेल हसायचं. वाट बघून आंबलेली माणसंसुद्धा त्या हसण्यापायी माझ्यात काहीतरी टाकून जायची.

पण उशीर का व्हायचा, हे कुणी विचारायचं नाही. त्याचं कारण पद्मावतीबाईंचा नेम. हे घर जैनांचं. नदीचं पाणी जाड फडक्यातून गाळल्याशिवाय चुलीवर चढत नसे. गाळून झालं की फडक्यावर जे बारीक बारीक जीव राहतात, त्यांना म्हणतात जिवाणी. ती कुठंही झटकून चालत नाही. जिथलं पाणी, तिथंच ती अलगद परत सोडायची. म्हणजे पाण्याची प्रत्येक घागर आली की ओलं फडकं तांब्यात घेऊन खडकाच्या पायऱ्या उतरायच्या, पाण्यात ते हलकेच विसळायचं आणि पुन्हा चढायचं. पद्मावतीबाईंचा दमा वाढल्यापासून हे काम ज्ञानूकडं आलं. तो काही जैन नव्हता. पण एकदा तो म्हणाला होता, “बाईसाब, आमच्याकडं पाण्याबिगर जीव मरत्यात ते म्या बघितलंय. तुमी निवांत बसा.” कुणाचं लक्ष असो-नसो, त्यानं ते फडकं कधी वाटेत झटकलं नाही.

आणि मी भरले की? भरले की मालक मला गल्ल्यात उपडी करायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, “बशी हाटेलची, बडीशेप हाटेलची, मग बशीतलं कुणाचं?” ज्ञानू ऐकायचा आणि टेबलं पुसायला लागायचा. त्याचा डोळा मात्र माझ्यावर असायचा. मला कळायचं ते. पण बशीला तोंड कुठं असतं?

त्या उन्हाळ्यात ज्ञानू वेगळ्याच खुशीत होता. राहीबाईला त्यानं निरोप धाडला होता, आठवडाभर ये म्हणून. “तिनं उन्हाळ्यात व्हाती नदी कवा बघितलीच न्हाई,” तो त्रिशलाला सांगायचा. “वाळूत झरा खणून वाटीनं पाणी भरनारी बाई ती. तिला ह्या खडकावर बसवनार आन् म्हननार, सोड पाय पान्यात!” पद्मावतीबाईंनी दोघांसाठी मागची खोली सारवून घेतली होती. ज्ञानूला आणखी काहीच नको होतं. फक्त ती यावी आणि त्याचं हे हाटेल, हे बेट तिनं बघावं.

आणि नेमका तेव्हाच त्रिशलानं प्रश्न विचारला.

मालक आधी हसले. मग त्यांनी आपलं वाक्य ठणकावून म्हटलं. पण कोपऱ्यातल्या टेबलावरचे साताऱ्याचे एक पाहुणे उठले. सरळ माझ्यात हात घालून त्यांनी आपली नाणी उचलली. “मालक, बिल दिलंय तुम्हाला. हे बक्षीस आहे. ते वाढणाऱ्याचं असतं.” असं म्हणून त्यांनी ती ज्ञानूच्या ओल्या तळहातावर ठेवली. मग दुसरे उठले, तिसरे उठले. कुमुद आणि मैत्रिणींनी तर टाळ्याच पिटल्या. त्रिशलाचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका.

मी मात्र मालकांचा चेहरा बघत होते. त्यावर काहीच फुललेलं नव्हतं.

दुपारच्या नावेनं पाहुणे गेले, मैत्रिणीही गेल्या. दिवस मावळायच्या आत जेवायची त्या घराची रीत, पण त्या दिवशी ताटं तशीच राहिली.

“पोरीला तूच शिकवलंस,” मालक ज्ञानूला म्हणाले.

“न्हाई मालक. देवाशपथ न्हाई.”

“आप्पा, मी माझ्या मनानं विचारलं!” त्रिशला मधे पडली. “आमची पैज लागली होती. ज्ञानूमामांना ठाऊकसुद्धा नव्हतं.”

“तू गप. पैजा लावती म्हणं! चारचौघांत बापाची अब्रू घालवलीस.” मग पुन्हा ज्ञानूकडं वळून, “आधीच तुझ्यापायी गिऱ्हाईक ताटकळतंय. उद्यापासनं येऊ नगंस.”

पद्मावतीबाई दारात उभ्या होत्या. गिऱ्हाईक कुणापायी ताटकळतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांचे ओठ हलले. पण शब्द काही बाहेर आला नाही. कदाचित दमा असेल. कदाचित नसेल.

ज्ञानूनं कमरेची पुरचुंडी सोडली. सकाळची ती सगळी नाणी त्यानं माझ्यात ठेवली आणि मला मालकांपुढं सरकवलं.

“बशी हाटेलची हाय, मालक,” तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो नव्हता. मालकांनी माझ्याकडं पाहिलं, हात पुढं केला आणि मागं घेतला. त्या दिवशी मी गल्ल्यात उपडी झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सयाजीनं ज्ञानूला पैलतीरावर सोडलं. आणि मित्रांनो, दैव कसं असतं बघा. राहीबाई त्याच सकाळच्या एस.टी.नं आली. मी ओट्यावर होते, तिथून पलीकडचा काठ दिसतो. त्रिशला माझ्याशेजारी उभी होती, तिचा हात माझ्या टवक्यावर होता. काठावर दोन माणसं बराच वेळ बोलत उभी राहिली. मग ती बाई खाली आली, कडेच्या दगडावर बसली आणि तिनं पाण्यात पाय सोडले. ओंजळीनं पाणी तोंडाला लावलं. ज्ञानूनं बेटाकडं हात करून तिला काहीतरी दाखवलं. बहुधा आमचं छप्पर असेल. मग दोघं उठली आणि एस.टी.च्या वाटेला लागली.

सयाजी परत आला तो एक गाठोडं घेऊन. “बाईसाब, म्हातारीनं मटकी धाडलीया तुमास्नी. म्हनली, मालकिनीनं माझ्यासाठनं खोली सारवली हुती न्हवं, तिला द्या.”

पद्मावतीबाई गाठोडं मांडीवर घेऊन बसून राहिल्या. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी त्या उठल्या नाहीत.

त्यानंतर आमच्या हाटेलात चहा झटपट येऊ लागला. नवीन पाहुणे खूष! “वा मालक, सुधारणा आहे!” ते म्हणायचे. मालक आता स्वतःच घागरी भरत आणि स्वतःच चहा देत. पण माझ्यात बडीशेप घालायला कुणाला सुचेना. ज्ञानूची नाणी तशीच पोटात घेऊन मी फळीवर पडून राहिले. वर धूळ बसली, मुंग्या फिरून गेल्या. एके काळी मी आले की माणसं हसायची, हे आता मलाच खरं वाटेना.

मित्रांनो, तुम्हीही कुठंतरी फिरायला जाल. कुठंतरी चहाला उशीर होईल. तेव्हा कप आपटू नका. त्या उशिरामागं कुणाचे तरी पाय असतात, ते कोणत्या पायऱ्या उतरताहेत ते आपल्याला दिसत नाही. आणि बशीत काही ठेवलंत तर ते कुणाच्या हाती पडतं, तेवढं मान वळवून बघा. आम्ही बशा सगळं पाहतो. पण बोलू शकत नाही.

बोलली ती त्रिशलाच. चहा एवढ्या लवकर कसा येतो, ते एका संध्याकाळी तिला दिसलं. स्वयंपाकघरामागच्या तापलेल्या खडकावर गाळण्याचं फडकं नदीत न विसळताच झटकून टाकलेलं होतं, वाळून कडक झालेलं. तिनं ते उचललं. फळीवरून मला उचललं. आई-वडील जेवायला बसले होते, मावळतीचं ऊन ताटांवर पडलं होतं. ताटात मटकीची उसळ होती. तिनं फडकं आईपुढं ठेवलं. आईनं ते ओळखलं आणि हातातला घास खाली ठेवला.

“आप्पा, आई,” त्रिशला म्हणाली. तिचा आवाज वक्तृत्वातल्यासारखा चढला नव्हता, आणि ही पैजही कुणी लावली नव्हती. “उद्या पहिल्या नावेनं मी दहिवडीला जाणार. बशीतलं ज्याचं आहे त्याला देऊन येणार. बशीसुद्धा त्यांनाच देणार. आणि ज्ञानूमामा-मामी परत आले तरच मी ह्या बेटावर पाय ठेवीन.”