पिंजलेलं टोक

गळाची विणलेली दोरी दगडांना घासून टोकाकडे पिंजते. बोटांना कापसासारखी लव लागली, की तेवढा हातभर तुकडा कापून टाकायचा आणि गळ नव्याने बांधायचा. हे मला दादानेच शिकवलं, तेही कान पिळून.

म्हणून माझी काठी वापरून परत देताना तो म्हणाला, "टोक कापलंय, गळ नव्याने बांधलाय," तेव्हा मी दोरीला हातही लावला नाही. सख्ख्या भावाला काय तपासायचं? दोरी अगदी टोकापर्यंत गर्द हिरवी, नव्यासारखी दिसत होती.

सकाळी मोठा मासा लागला. काठी वाकली आणि दोरी तटकन तुटली. उरलेलं टोक मी बोटांत धरलं, तर त्याचा पार कापूस झालेला, आणि माझी बोटं हिरवी. मार्कर! गाठ मारायचा आळस, पण विटलेली दोरी रंगवत बसायला शहाण्याला वेळ होता.

घरी दादा चहा पीत होता. माझे रिकामे हात पाहून म्हणाला, "तुटली ना? टोक तपासलं नसशील. किती वेळा सांगितलंय तुला!"

खरंच तपासलं नव्हतं. कप धरलेली त्याची बोटं माझ्यासारखीच हिरवी होती.